दिवेलागणीची गोळी

निमू, छातीत जरा धडधडलं की तुझा जीव टांगणीला लागतो आणि संध्याकाळची गोळी राहिली की ‘जाऊ दे, उद्या घेऊ’ म्हणतेस. मला हे नेमकं उलटं हवंय. फोनवर तू दर दोन मिनिटांनी कुकरकडे पळतेस, आणि काही गोष्टी सासूबाई शेजारी बसलेल्या असताना बोलता येत नाहीत. म्हणून सगळं लिहूनच काढते. दुपारची सगळी निजली की निवांत वाच.

आधी त्या धडधडीचं. डॉक्टरांनी फाइलवर ‘एएफ’ लिहिलंय ना, ते एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे एका ठेक्यात आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरत राहतात, मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा. मधे पेशींची एक गाठ असते. ती यातले थोडेच ठोके खाली सोडते, पण कसलाही धरबंध न ठेवता. म्हणून मनगटावर बोटं ठेवलीस की नाडी कधी पळते, कधी थबकते, कधी दोन ठोके एकमेकांना चिकटून येतात. छातीत फडफडतं, जिना चढताना दम लागतो, कधी तर अंगातलं सगळं त्राण गेल्यासारखं वाटतं. घाबरायला होणारच. पण त्या फडफडीनं माणूस सहसा जात नाही गं. वरचा कप्पा नीट पिळला जात नाही म्हणून रक्त तिथंच रेंगाळतं. डाव्या कप्प्याला एक लहानसा खिसा असतो, त्यात तर साचूनच राहतं. न हलवता ठेवलेलं दूध विरजावं तसं ते रक्त तिथं गोठतं. ती गुठळी सुटली की मेंदूकडे जायला तिला वेळ लागत नाही. एएफ असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण पाचपट असतो, आणि आपल्यासारखी झडप अरुंद झालेल्यांना त्याहून कितीतरी जास्त. ही गुठळी धरते तेव्हा ना दुखतं, ना धडधडतं, ना दम लागतो. तुला कळायला काही मार्गच नाही. दिवेलागणीची ती इवलीशी गोळी तिच्यासाठी आहे.

आता ‘मलाच का’ हे विचारणं बंद कर. लहानपणी घसा दुखून ताप यायचा, मग गुडघे, घोटे सुजायचे, आठवतंय? आई ओव्याचा शेक द्यायची आणि डॉक्टर म्हणायचे, वाढीचं दुखणं आहे. तो संधिवाताचा ताप होता. घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतं. सांधे बरे होतात, झडप मात्र वर्षानुवर्षं जाड आणि अरुंद होत जाते. तो जंतू दाटीवाटीच्या घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि आपण तर पाच जणं एका खोलीत झोपायचो. त्यात तुझा दोष नाही, आईचाही नाही. उतारवयात रक्तदाबामुळे एएफ होणारे शहरात पुष्कळ भेटतील तुला, पण तुझं-माझं दुखणं त्यांच्यासारखं नाही, आणि हा फरक तुला पक्का ठाऊक हवा. कारण पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

तुझ्या सोसायटीतले ते काका सांगत होते ना, ‘मलाही तेच आहे, पण माझी नवीन गोळी आहे, रक्त तपासायला नको, भाज्यांचं पथ्य नको’? त्यांचं खरंच आहे. एपिक्सॅबॅन, रिव्हारोक्सॅबॅन, डॅबिगॅट्रॅन या गोळ्यांनी पुष्कळांचं आयुष्य सोपं केलंय. पण त्या आपल्यासाठी नाहीत. झडप बरीच अरुंद असेल किंवा धातूची झडप बसवलेली असेल, तर अजूनही ॲसिट्रोम नाहीतर वॉर्फरिन, हीच जुनी गोळी. संधिवाताच्या तापानं हृदय बिघडलेले आणि एएफ झालेले साडेचार हजार रुग्ण घेऊन एक मोठा अभ्यास झाला, आपल्यासारख्याच देशांतल्या रुग्णांचा. त्याचा निकाल २०२२ मध्ये आला. नवी गोळी जुनीपेक्षा कमी पडणार नाही असं वाटत होतं, आणि झालं भलतंच. जुन्या गोळीवरची माणसं जास्त जगली. तेव्हा कुणी कितीही मायेनं सांगितलं तरी मेडिकलमध्ये जाऊन परस्पर गोळी बदलायची नाही.

आणि तुझ्या जाऊबाईंनी ‘हे तर उंदराचं औषध’ म्हणून जो बॉम्ब टाकला, त्याचंही ऐकून ठेव. खोटं नाही ते. १९२० च्या सुमाराला उत्तर अमेरिकेत बुरसटलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्राव होऊन मरायला लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं त्या चाऱ्यातलं द्रव्य शोधून काढलं. त्याच घराण्यातलं वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांना हेच दिलं. आपली ॲसिट्रोम ही त्याची सख्खी बहीण. उंदराला मारतो तो डोस. माणसाला तेच द्रव्य मोजून-मापून देतात. जाऊबाईंना एवढं सांग आणि चहा टाक त्यांच्यासाठी.

तर ते मोजमाप म्हणजे आयएनआर. साधं रक्त असलेल्याचा तो एकच्या आसपास असतो. आपला दोन ते तीनच्या मधे हवा. दोनच्या खाली गेला की गुठळीचं भय, चारच्या वर गेला की रक्तस्रावाचं. धातूची झडप असलेल्यांचा आकडा थोडा वर ठेवतात, तुला त्याच्याशी काही करायचं नाही. सुरुवातीला दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी आणि सगळं स्थिरावलं की महिन्याला तपासायचं. कंटाळा येतो, मान्य आहे. पण जिला महिन्यातून एकदा पार्लरला जायला वेळ मिळतो तिला लॅबमध्ये जायलाही मिळतो. रागावू नकोस, बोलायचं ते बोलते मी.

रक्त देताना एक बघायचं. निळ्या झाकणाची नळी असते, तिच्यावर बारीक रेघ असते. रक्त त्या रेघेपर्यंत भरलंच पाहिजे. आत आधीच थोडं औषध घातलेलं असतं, आणि रक्त कमी पडलं की त्याचं प्रमाण बिघडून आकडा उगाच जास्त येतो. मग डॉक्टर त्या खोट्या आकड्यावर गोळी कमी करणार. शीर सापडत नाही म्हणून घाईनं अर्धीच नळी भरणारा मुलगा भेटला तर सरळ सांगायचं, बाबा, रेघेपर्यंत भर, नाहीतर दुसरी नळी घे. आणि शक्यतो लॅब एकच धर. आज इथं, उद्या ऑफर आहे म्हणून तिथं, असं नको.

गोळी संध्याकाळी का, तर सकाळी रक्त दिलं की दुपारी आकडा येतो आणि डोस बदलायचा झाला तर त्याच संध्याकाळी बदलता येतो. देवापाशी दिवा लावलास की लगेच गोळी. माझ्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे, त्यावर दुधाच्या पिशव्या आणि सिलिंडरची तारीख लिहिते, तिथंच त्या दिवसाच्या चौकटीत गोळीची टिकली मारते. टिकली नाही म्हणजे गोळी नाही. झोपायच्या आधी आठवण झाली तर तेव्हा घ्यायची. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आठवलं तर गेली ती गेली, त्या दिवशीची नेहमीची तेवढी घ्यायची, दुप्पट करायची नाही, आणि चुकल्याची तारखेवर फुली करायची. आयएनआर कमी आला की डॉक्टर पहिलं तेच विचारतात. ॲसिट्रोमचा अंमल दोन-तीन दिवसांत उतरतो, म्हणून तिच्यात चालढकल लगेच अंगाशी येते. मेडिकलवाल्यानं दिलेली स्ट्रिप घरी आल्यावर चष्मा लावून वाचायची. एक, दोन, तीन, चार मिलिग्रॅम, सगळ्या मिळतात, आणि ‘तीच हो ताई, फक्त पावर वेगळी’ हे वाक्य कानावर पडलं की ती स्ट्रिप परत द्यायची.

भाज्यांचं मात्र मला मनापासून बोलायचंय, कारण तू पालेभाज्या सोडल्यास असं तुझी लेक म्हणाली. कुणी सांगितलं तुला? मेथी, पालक, माठ, शेपू, चाकवत, अळू, यांत व्हिटॅमिन के असतं, आणि आपली गोळी त्याच व्हिटॅमिनच्या विरोधात काम करते, हे बरोबर. पण म्हणून त्या शत्रू नव्हेत. तुझा डोस तुझ्या ताटावर ठरलेला असतो. आठवड्यात दोनदा पालेभाजी खात होतीस तर दोनदाच खा, दर आठवड्याला तेवढीच. डोस त्यावर बेतला जाईल. तू अचानक सोडलीस की आयएनआर चढतो, आणि मग एका रविवारी माहेरी येऊन मेथीचं पिठलं, पालकाची भजी, अळूवडी असं सगळं दामटलंस की तो खाली बसतो. वरण-आमटीवर भुरभुरलेली कोथिंबीर खुशाल खा. फोडणीतला लसूण, भाजीतली हळद, यानं काही होत नाही. पण हळदीच्या कॅप्सूल, लसणाच्या कॅप्सूल, कुणीतरी दिलेला काढा, ‘हृदयासाठी उत्तम’ म्हणून आलेलं चूर्ण, हे सगळं घराबाहेर. आयुर्वेदावर माझा राग नाही, तुला ठाऊक आहे. पण दोन्ही गाड्या एकाच रुळावर सोडायच्या नाहीत.

उपवास हा दुसरा घोळ. सोमवार, चतुर्थी, एकादशी असा एखाद-दुसरा दिवस असेल तर फारसं बिघडत नाही. पण नवरात्रात नऊ दिवस नुसती साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा खाल्लास तर व्हिटॅमिन के जवळजवळ बंदच होतं आणि आयएनआर वर जातो. त्यात लघवीची गोळी चालू असेल आणि पाणीही पीत नसशील तर पोटॅशियम घसरतं, आणि ठोके आणखीच बिघडतात. तुला उपास सोडायला मी सांगणार नाही, सांगून तू ऐकणारही नाहीस. पण उठता-बसता कर, म्हणजे पहिला आणि शेवटचा. आणि ऋषिपंचमीची भाजी? एक दिवस खा पोटभर. एका दिवसानं काही होत नाही, पण लागोपाठ चार दिवस उरलेली गरम करून खाऊ नकोस.

खरी मारामारी वेदनेच्या गोळ्यांशी आहे. पाठ धरली, दात दुखला, डोकं चढलं, की आपल्या घरात पहिला हात कॉम्बिफ्लॅमच्या पाकिटाकडे जातो. ते बंद. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन, नाव काहीही असो, या गोळ्या पोटाचं अस्तर सोलतात आणि रक्त आधीच पातळ. ॲस्पिरिन डॉक्टरांनी स्वतः लिहून दिली असेल तर गोष्ट वेगळी. डोकेदुखीला, तापाला साधी पॅरासिटामॉल, तीही रोजच्या रोज नाही. जुलाब झाले म्हणून मेट्रोजिल, लघवीला जळजळ झाली म्हणून सेप्ट्रान, अंगावर पांढरं जातं म्हणून फ्लुकोनॅझॉल, ही तिन्ही औषधं आयएनआर झरझर वर नेतात. तोंड आलं म्हणून लावायची मायकोनॅझॉलची जेलसुद्धा! कुठलंही नवीन औषध घेताना ‘मी ॲसिट्रोमवर आहे’ हे आधी सांगायचं, आणि सुरू झाल्यावर तीन-चार दिवसांत आयएनआर बघायचा.

तुमच्या कोपऱ्यावरचे डॉक्टर प्रत्येकाला कमरेत एक इंजेक्शन ठोकतात, त्याशिवाय पेशंटला बरं वाटत नाही म्हणून. तुला ते चालणार नाही. स्नायूत सुई गेली की आत रक्त साकळतं, मांडी काळी-निळी होऊन टणक होते. पेनिड्यूरचं इंजेक्शन चालू असेल तर ते वेगळं, ते संधिवाताचा ताप पुन्हा उलटू नये म्हणून असतं. पण तेही आयएनआर ठीक असताना आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच, आणि नंतर कापूस नुसता फिरवायचा नाही, चांगला दाबून धरायचा. दात काढायचा असेल तर दातांच्या डॉक्टरांनी आणि हृदयाच्या डॉक्टरांनी आपसात बोललं पाहिजे. ‘पाच दिवस गोळी बंद करून या’ असं कुणी परस्पर सांगितलं तर खुर्चीवरून उठून ये. पावसाळ्यात ताप आला तर पहिल्याच दिवशी दाखव. डेंग्यूत प्लेटलेट घसरतात, आणि वरून आपली गोळी. तिथं वाट बघायची सोय नाही.

आता ते, जे सासूबाईंसमोर बोलता येत नाही.

गोळी सुरू झाल्यापासून पाळीत फार जातं म्हणालीस. हे अनेकींना होतं, आणि कुणी विचारत नाही. हृदयाच्या डॉक्टरांना ते आपलं खातं वाटत नाही, स्त्रियांच्या डॉक्टरबाईंना गोळीचं भय वाटतं, आणि मधल्या मधे आपण पोटाला फडकं बांधून गप्प बसतो. तू बोल. किती पॅड लागतात, किती दिवस जातं, गाठी पडतात का, हे लिहून ने. दोन-तीन तास लागोपाठ दर तासाला पॅड भिजतंय, चक्कर येतेय, असं झालं तर घरी थांबायचंच नाही. आणि हिमोग्लोबिन बघून घे. अंगात रक्त कमी झालं की हृदय वेग वाढवतं, वेग वाढला की अरुंद झडपेतून रक्त उतरायला वेळ पुरत नाही, ते मागे फुप्फुसात तुंबतं आणि दम लागतो. तुला वाटतं हृदय बिघडलं, आणि खरं कारण असतं पाळी. लोहाच्या गोळ्या लागल्या तर शौचाला काळं होईल, ते घाबरण्यासारखं नाही. पण लोहाची गोळी चालू नसताना डांबरासारखं काळं, चिकट झालं तर आतून रक्त जातंय असं समज आणि त्याच दिवशी दाखव. पोटात कळा येतात म्हणून पर्समधे मेफ्टाल ठेवतेस, ती काढून टाक. तीही त्याच कॉम्बिफ्लॅमच्या वंशातली. गरम पाण्याची पिशवी घे. गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू असते, तिनं रक्तस्राव बराच कमी होतो. ती तुला चालेल का, हे बाईंना विचार. नुसती तांब्याची नको, तिनं उलट वाढतो.

गौरी-गणपती आले की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. घरातलं कार्य असो, वास्तुशांत असो, नणंदेचं लग्न असो. त्या गोळ्यांनी रक्तात गुठळी व्हायचा कल वाढतो, आणि आपण जन्मभर तेवढ्यासाठीच तर औषध खातोय. गौरी जेवायच्या दिवशी पाळी आली तर आली, पुरण दुसरं कुणी वाटेल. गौरीला तुझं काही वावडं नाही, सासूबाईंना असलं तर ते मी बघते. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तेच, त्या तुझ्या नव्हेत.

आणि दुसऱ्या बाळाचा विचार मनात असेल तर आधी सांग. मला नाही, डॉक्टरांना. ही गोळी पोटातल्या गर्भाला अपाय करते, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, म्हणजे जेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचं नुकतं कळलेलं असतं तेव्हा. शिवाय दिवस गेल्यावर शरीरात रक्त वाढतं आणि अरुंद झडपेला ते पेलत नाही. म्हणून आधी इको, आधी झडपेचा निकाल, मग पोटात द्यायच्या इंजेक्शनांची व्यवस्था, आणि मग बाळ. न ठरवता पाळी चुकली तर दुसऱ्याच दिवशी तपासून फोन कर. पण घाबरून स्वतःच गोळी बंद करू नकोस, त्यात तुझा जीव आहे.

संसाराचं विचारलंस, लाजत लाजत. दोन मजले न थांबता, दम न लागता चढता येत असतील तर नवराबायकोच्या नात्याला हृदयाची आडकाठी नाही. धडधडलं तर थोडं थांबायचं. सतीशरावांना तुझ्या अंगाला हात लावायची भीती वाटतेय हे मला कळलंय. तूच सांग त्यांना.

ठोक्यांच्या गोळ्यांचं थोडक्यात. मेटोप्रोलॉल किंवा डिल्टियाझेम वेग आवरते. तिनं ठोका नियमित होईल अशी आशा धरू नकोस, वेग खाली आला तरी काम झालं. नाडी मोजताना पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही. आपले ठोके सारखे नसतात, म्हणून घड्याळ समोर ठेवून पूर्ण मिनिट. बसलेली असताना शंभराच्या वर राहायला लागली तर कळव. रक्तदाबाच्या यंत्रावरही एकदाच्या आकड्यावर जाऊ नकोस, तीनदा घे. डिगॉक्सिन असेल तर आपल्याकडचे बरेच डॉक्टर आठवड्याला पाचच दिवस देतात, शनिवार-रविवार सुट्टी. ती सुट्टी डिगॉक्सिनची गं, ॲसिट्रोमची नव्हे! दोन्ही एकाच डबीत ठेवून दोन्हीला सुट्टी देणाऱ्या बायका मी पाहिल्यात. मळमळ, अन्नावरची वासना उडणं, डोळ्यांपुढे पिवळट दिसणं, हे डिगॉक्सिन जास्त झाल्याचं लक्षण.

शॉक देऊन ठोका ताळ्यावर आणणं, तारेनं आतली जागा जाळणं, हे तू मोबाइलवर पाहिलंस. इतरांना त्याचा उपयोग होतो. आपली झडप अरुंद आहे तोवर ठोका ताळ्यावर आणला तरी टिकत नाही, म्हणून आधी झडप. मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडतात, जपानच्या डॉ. इनोउए यांनी १९८० च्या दशकात काढलेली युक्ती. माझी तशीच उघडली, छाती न चिरता, आणि मिरजेहून तिसऱ्या दिवशी घरी आले. पण फुगा न्यायच्या आधी घशातून नळी घालून इको करतात, आत गुठळी आहे का बघायला. गुठळी दिसली की परत पाठवतात आणि महिनोन् महिने गोळी चालते. कधी विरघळते, कधी नाही. आयएनआर दीडवर ठेवून फुग्याची तारीख मागायला जाऊ नकोस. आणि फुगा झाला म्हणून गोळी सुटत नाही, हेही आत्ताच मनाशी धर. एएफ आहे तोवर ती आहे.

खर्चाचं डोक्यात घेऊ नकोस. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झडपेचे उपचार बसतात. रेशनकार्ड, आधार आणि फाइल घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जायचं, तिथं आरोग्यमित्राचं टेबल असतं, तोच कागद लावून देतो. फाइलमधे सगळ्यात वर एका कागदावर गोळीचं नाव, मिलिग्रॅम आणि शेवटचे पाच-सहा आयएनआर लिहून ठेव, आणि त्याचा फोटो सतीशरावांच्या आणि लेकीच्या मोबाइलमधे.

त्या दोघांना आणखी एक शिकव. तुझं तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलताना जीभ अडखळली, तर ‘जरा पडू दे, बरं वाटेल’ असं करायचं नाही. तोंडात पाणी, साखर, कांदा काही कोंबायचं नाही. १०८ ला फोन आणि सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते द्यायचं की नाही हे तुझ्या आयएनआरवर ठरतं, म्हणून तो कागद. लक्षणं दहा मिनिटांत नाहीशी झाली तरीही जायचं. तसंच स्कूटरवरून पडलीस, डोक्याला लागलं, तर टेंगूळ नाही, उलटी नाही म्हणून गप्प बसायचं नाही, स्कॅन करायचाच. आणि हेल्मेट घाल. केस चपटे होतात तर होऊ देत.

बुधवारी इको आहे ना? झडप किती चौरस सेंटिमीटर उघडते तो आकडा आणि डाव्या कप्प्याचा आकार मला रात्री पाठव. डॉक्टरांना पाळीचं विचारल्याशिवाय तिथून निघू नकोस. ते घाईत असतील तर कागदावर लिहून पुढे सरकव.